दापोडीच्या पुलापलीकडचं जेवण

हातगाडीवर नवा बटाटा आला की मला कळतं, थंडी आता नुसती पहाटेपुरती राहिलेली नाही. सालीला अजून माती चिकटलेली, नखानं जरा खरवडलं की साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते, आणि नाकाशी नेला तर ओल्या ढेकळाचा वास. परवा असाच एक बटाटा हातात धरून मी चिंचवडच्या भर बाजारात डोळे मिटून उभा होतो. भाजीवालीनं विचारलं, "काका, घेणार हाय का नुसतं हुंगणार?" मी मुकाट्यानं दोन किलो घेतले. हुंगण्याचे पैसे ती लावत नाही, पण अशी बघते की माणूस आपण होऊन देतो.

घरी येऊन पिशवी रिकामी केली, तर बटाट्यांखालच्या वर्तमानपत्रात एका वाचकाचं पत्र. देशातल्या उत्तमोत्तम भोजनगृहांना जो मोठा मान देतात, तो आपल्या या कारखान्यांच्या गावातल्या हॉटेलांना मिळावा का, असा त्यांचा सवाल. उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं: मिळू नये. कारण इथे वाढप्याच्या दंडावर रुमाल नसतो, आणि इथली माणसं भूक लागली म्हणून जेवत नाहीत, शिफ्ट सुटली म्हणून जेवतात. दुसरं कारण वाचून मी मांडीवर थाप मारली. चूक आहे, पण वाक्य झकास आहे. बायको म्हणाली, "पुन्हा सुरू झालं वाटतं यांचं." तिला ठाऊक आहे. नवा बटाटा आणि हा सवाल एकाच दिवशी घरात आले म्हणजे मला गेनूभाऊ आठवणार, आणि स्वयंपाक तासभर लांबणार.

पन्नास आणि साठ सालांच्या मधली ती वर्षं. पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि आम्ही रत्नागिरीकडची, नगरकडची, कुठकुठली पोरं तिथे नोकरीला लागून स्वतःला फार मोठी समजत होतो. मी स्टोअरमध्ये कारकून होतो. कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्वारी उभी असायची. भोंगा झाला की आधी ज्वारीवरचे पक्षी उडायचे आणि मग आम्ही सुटायचो, आणि दोघांचा कलकलाट साधारण सारखाच असे. वाऱ्याची दिशा बदलली की औषधाचा आंबूस वास चिंचवडपर्यंत यायचा. माझ्या आईनं पहिल्या भेटीत तो वास घेतला आणि कुणाचं तरी लोणचं बिघडलंय असं ठरवून शेजारी चौकशी केली.

चिंचवडच्या गावठाणात मी आणि बापट एका खोलीत राहत होतो. बापट अस्सल पुण्याचा. बदलीची नोकरी नव्हती, हद्दपारी होती, असा चेहरा करून वावरायचा. खोलीत आम्ही फक्त चहा करू शकायचो, तोही वाईट. म्हणून खाण्यासाठी पायपीट. पिंपरीच्या कॅम्पात सिंधी मंडळी नव्यानं संसार मांडत होती. तिथे सकाळी कढईतून निघालेला, पुरीसारखा पण कडक पकवान आणि वर ओतलेली पिवळी डाळ मिळायची. तो पकवान मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. स्टेशनाबाहेरच्या टपरीत चहा इतका उकळलेला असायचा की बशीत ओतल्यावर त्याचा रंग बशीला लागायचा. कोकणातल्या माणसाला ओल्या खोबऱ्यावाचून जेवण म्हणजे देवाशिवाय देऊळ. पण त्या हिवाळ्यात मी खोबरं विसरलो, आणि त्याला कारण गेनूभाऊची खानावळ.

कारखान्याच्या फाटकापासून जरा पुढे, भोसरीकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, मातीच्या भिंती, आत चार लांब बाकं. पाटी रंगवणाऱ्यानं "जेवणाची उत्तम सोय" असं लिहिलं आणि खाली फळी उरली म्हणून स्वतःच्या मनानं "बैलांसही पाणी" हे जोडून दिलं. खानावळीला नाव असं नव्हतंच. महिनेवारी जेवणाऱ्याला तिथे मेंबर म्हणत, आणि आम्ही मेंबर लोक "गेनूकडे" एवढंच म्हणायचो. गेनूभाऊ चाकणजवळच्या वाडीचा शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, तिशीचा, खांद्यानं रुंद, बोलायला मऊ. रांधायची त्याची बायको हौसाबाई, आणि आवाज नवऱ्याच्या वाट्याचाही तिलाच मिळालेला.

आणि तो रस्सा! नवा बटाटा सालीसकट हातानं फोडलेला, सुरीनं कापलेला नव्हे. त्यामुळे प्रत्येक फोडीला वेडेवाकडे कंगोरे, आणि त्या कंगोऱ्यांना मसाला धरलेला. वर लाल तवंग, खाली काळपट रस. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण यांचा वास आधी नाकात, मग डोळ्यांत. शेजारी चुलीवरून उतरलेली बाजरीची भाकरी. ताटाच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ आणि कांद्याची एक फोड. पहिल्या घासाला कपाळावर घाम, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला मन एकदम उदार व्हायचं. तिसऱ्या घासाला मी एकदा बापटला माझा कोट देऊन टाकला होता. चौथ्याला परत मागितला.

बापट हा रस्सा दोनदा मागून घ्यायचा आणि हात धुता धुता निकाल द्यायचा, "हे बघ, पुण्याहून निघून दापोडीचा पूल ओलांडला की जेवण संपतं. इकडे असतं ते पोट भरणं."

"मग दोनदा कशाला घेतलास?"

"पोट भरलं नव्हतं म्हणून."

असा आमचा वाद. तो पानापानाला, घासाघासाला चालायचा, आणि दोघांचीही पोटं व्यवस्थित भरायची.

त्या वर्षी पुण्यातल्या काही सुखवस्तू खवय्यांच्या मंडळानं जाहीर केलं की पुणे आणि आसपासच्या उत्तम भोजनगृहाला चांदीचं ताट मानाचं म्हणून द्यायचं. आसपासच्या! हा शब्द मी बापटला तीन वेगवेगळ्या आवाजांत वाचून दाखवला. तो म्हणाला, आसपास म्हणजे डेक्कन. मी म्हटलं, आसपास म्हणजे पिंपरी. आणि त्याच दुपारी एका कार्डावर गेनूभाऊच्या खानावळीचा पत्ता लिहून मी मंडळाकडे धाडून दिला. नावाच्या जागी काय लिहावं हे कळेना, म्हणून पाटीवर होतं तेच लिहिलं, बैलांसकट.

गेनूभाऊला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, साहेब, चांदीच्या ताटात रस्सा काळा पडंल. पण दुसऱ्या दिवशी मी जेवत असताना तो माझ्यासमोर येऊन बसला. मेंबरासमोर तो कधी बसत नसे. बराच वेळ बाकाची कड चोळत राहिला आणि मग त्यानं जे विचारलं, त्यानं माझी थट्टा जागच्या जागी थांबली.

"पुन्याच्या मोठ्या मानसांनी ताट दिलं, म्हंजे हे काम वाईट न्हाई, असं आबांना सांगता येईल का वो?"

आबा म्हणजे त्याचे वडील. आम्ही सगळे त्यांना ओळखत होतो, पण पाठीकडून. दर पंधरवड्याला आबा चाकणहून बैलगाडीत बटाटा, कांदा भरून कॅम्पातल्या व्यापाऱ्याकडे घालायला यायचे. परतताना नेमके खानावळीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली गाडी सोडायचे. फडकं उलगडून घरची भाकरी आणि ठेचा खायचे. पाठ खानावळीकडे. पाणी स्वतःच्या गाडीतल्या घागरीचं. गेनूनं खानावळ काढली तेव्हा आबा म्हणाले होते की आपल्या घरात आल्यागेल्याला वाढायची रीत आहे, शिजवलेलं विकायची नाही. जो विकतो, त्याच्याकडे मी पाण्याचा थेंबही घेणार नाही. आणि दोन हिवाळे झाले, ते शब्दाला जागत होते. बैलांना मात्र खानावळीतलंच पाणी पाजायचे. पाटीवर तसं लिहिलेलं होतं ना, आणि बैलांनी काही शब्द दिला नव्हता.

ती पाठ अजून दिसते मला. पांढऱ्या बंडीवर दुपारचं ऊन, बाभळीची जाळीदार सावली, आणि भाकरी मोडताना हलणारे खांदे. आबा समोर बसले की हौसाबाईची भांडी जास्त वाजायची. गेनूभाऊ वाढता वाढता दारापाशी जायचा, उगाच उभा राहायचा, परत यायचा. आम्ही बोलणं बंद करायचो. भुकेल्या माणसांची खानावळ गप्प झालेली ऐकणं फार वाईट असतं. भाकरी चावल्याचाही आवाज येतो.

तर आता ताट मिळवायलाच हवं होतं. आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त अंगात आलं ते बापटच्या. म्हणाला, पात्रता नाही हे माझं मत कायम आहे, पण हरायचं ते पद्धतशीर हरू. त्यानं बाकांवर चादरी घातल्या. कुठूनसा पितळी फुलदाणीवजा तांब्या आणून त्यात झेंडू खोचला. गेनूभाऊला शिकवलं की "वाढू का?" असं ओरडायचं नाही, जवळ जाऊन हळूच "आणखी काही घेणार?" म्हणायचं. गेनूभाऊनं तालीम म्हणून मला हळूच विचारलं, तर मला तो काहीतरी गुपित सांगतोय असं वाटून मी कान पुढे केला. हौसाबाईला उपदेश करायला बापट चुलीपर्यंत गेला आणि तितक्याच वेगानं परत आला. काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही. फक्त रस्सा आहे तसाच ठेवू, असा निर्णय जाहीर केला.

परीक्षक कधी येणार हे कळवणार नव्हते. पण काळ्या मोटारीतून उतरणारी तीन धोतरं आमच्या रस्त्यावर लपणार कशी? दुपारची वेळ होती, माझी सुट्टी होती. पुढे होते ते हातात काठी, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, सोबतचे त्यांना तात्यासाहेब म्हणत होते. दुसरे बारीक, प्रत्येक गोष्टीचा आधी वास घेणारे. झेंडूचाही घेतला. तिसरे कोणाशी काही बोलले नाहीत, थेट जेवायला बसले. मला ते लगेच आवडले.

आणि समोर, बाभळीखाली, आबांची गाडी. दिवस त्यांचाच होता. फडकं उलगडलेलं, पाठ आमच्याकडे.

तात्यासाहेब बसले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी चष्म्यातून ती पाठ बघितली. मग पाटी वाचली. मग परत पाठ. विद्वान माणसाला विसंगती दिसली की तो घास सोडतो पण विसंगती सोडत नाही. काठी टेकत ते सरळ रस्ता ओलांडून गेले. गेनूभाऊच्या हातातली परात तशीच राहिली. बापट माझ्या कानात म्हणाला, "संपलं."

आम्हाला इथून सगळं ऐकू येत होतं, कारण तात्यासाहेब हळू बोलत नसत. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "काय पाटील, समोर खानावळ असून घरची भाकरी खाताय? तिथलं जेवण चांगलं नसतं वाटतं?"

भाकरी मोडताना हलणारे आबांचे खांदे थांबले. मी तेवढ्यात किती गोष्टींचा विचार केला! म्हणतील का, पोरगा अन्न विकतो म्हणून? म्हणतील का, मला काय ठाऊक? गेनूभाऊनं डोळे मिटले होते. त्या क्षणी त्याला ताट नको होतं, नुसतं एवढं हवं होतं की परक्या माणसासमोर बापानं आपल्याला नावं ठेवू नयेत.

आबांनी फडकं गुंडाळलं. उठले. बंडी झटकली. आणि पहिल्यांदा आमच्याकडे तोंड केलं. गेनूसारखंच तोंड होतं, फक्त उन्हानं रापलेलं.

"चांगलं न्हाई असं कोन म्हंतं? चला, दावतो."

पुढे आबा, मागे काठी टेकत तात्यासाहेब. आबा उंबऱ्यापाशी क्षणभर अडले, मग पायताण काढून आत आले. बाकावर बसले नाहीत. चादरीकडे, झेंडूच्या तांब्याकडे एक नजर टाकली आणि चुलीसमोरच्या जमिनीवर मांडी घालून बसले. "आणखी काही घेणार?" ही सगळी तालीम गेनूभाऊ साफ विसरला. त्यानं दोन्ही हातांनी ताट आणून समोर ठेवलं, आणि वाढताना रश्श्याचे चार थेंब जमिनीवर पडले. त्याच्या हातून कधी पडत नसत.

आबा जेवू लागले. परीक्षक जेवू लागले. आम्ही जेवायचं नाटक करू लागलो. मी एवढ्या लोकांना एका माणसाच्या जबड्याकडे बघताना त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही. आबा सावकाश चावत होते, चेहऱ्यावर रेष नाही. देवळात प्रसाद खावा तसं, परक्याकडे खावं तसं. गेनूभाऊ उभा होता. त्याला वाटलं असेल, पाहुण्यासारखे जेवतील, छान झालंय म्हणतील, हात धुतील आणि पुन्हा बाभळीखाली जातील. मलाही तेच वाटलं.

निम्मी भाकरी झाली. आबांनी रश्श्यात बोट बुडवून पुन्हा चाखलं, तोंड वाकडं केलं आणि चुलीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "हौसे, मीठ कमी हाय."

बापटनं डोकं हातात घेतलं. वास घेणाऱ्या परीक्षकांनी पेन्सिल उचलली. खरं सांगतो, मीठ जरासं कमीच होतं. परीक्षक कधीही येतील या धास्तीनं हौसाबाईचा हात अडला होता. तात्यासाहेबांना माणूस अडचणीत आलेला बघवेना. सभ्य गृहस्थ. ते वाकून म्हणाले, "पाटील, ताटात वाढलंय की मीठ. तेच घ्या कालवून."

आबांनी ताटाच्या कडेच्या त्या चिमूटभर मिठाकडे पाहिलं.

"ते पाव्हन्यांसाठी असतंय," ते म्हणाले. "त्यांना मागाया लाज वाटती, म्हनून. मी माज्या घरात जेवतुय."

आणि उठले, वाकून चुलीपलीकडे गेले, मिठाचा डबा स्वतःच शोधू लागले. डबा सापडेना, तशी डबे नीट ठेवायची रीत नाही, रस्सा पातळ आहे, भाकरी एका अंगाला जाड आहे, असं एकेक करून घरच्यासारखं सगळं बोलून घेतलं. हौसाबाई पदरात तोंड खुपसून उभी होती. तिचा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला होता कोण जाणे. आणि गेनूभाऊ? त्याच्या खानावळीची तीन परीक्षकांसमोर अशी अब्रू निघत होती, रश्श्यापासून भाकरीपर्यंत काही शिल्लक राहत नव्हतं, आणि तो रुंद खांद्यांचा माणूस खांबाला टेकून लहान पोरासारखा हसत होता. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

परीक्षकांना काय कळलं, कुणास ठाऊक. गप्प बसणाऱ्या तिसऱ्यांनी रस्सा तिसऱ्यांदा मागून घेतला, त्यांना कळलं असावं. ताट अर्थातच पुण्यातल्या एका हॉटेलला गेलं. बापटनं ती बातमी मोठ्या आवाजात वाचून दाखवली आणि वाचून झाल्यावर म्हणाला, त्या हॉटेलात मी जेवलोय, तिथे मीठ अगदी बरोबर असतं. हे तो स्तुती म्हणून म्हणाला की नाही, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तेव्हा पत्रलेखक महाशय, आपल्या गावाला मान मिळावा का, हे तुम्ही खुशाल ठरवा. आता इथे काचेचे दरवाजे आहेत, वाढप्यांच्या दंडावर रुमालही दिसू लागलेत. मी दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो, जेवण उत्तम होतं. एका ठिकाणी वाढप्यानं वाकून विचारलं, सगळं ठीक आहे ना साहेब? मी म्हटलं, छान. माझ्याही ताटात मीठ होतं, मी मुकाट्यानं कालवून घेतलं. काही बिघडलं नाही. मान द्यायला हरकत नाही त्यांना.

पण त्या हिवाळ्याचं उरलेलं सांगितल्याशिवाय बटाटा सोलायला घेणार नाही. त्यानंतर आबा गाडी बाभळीखाली सोडून थेट आत यायचे. जमिनीवर बसायचे. आणि गेनूभाऊनं हौसाबाईला ताकीद दिली होती की ज्या दिवशी गाडी येईल, त्या दिवशी रश्श्याला मीठ कमीच पडलं पाहिजे. पुऱ्या पातेल्याला. आम्ही सगळे मेंबर, नगरकडचे, रत्नागिरीकडचे, तो अळणी रस्सा पुढ्यात घेऊन आबांच्या पहिल्या घासाची वाट बघत बसायचो. ताटातल्या मिठाला त्याआधी हात लावायचा नाही, असा नियमच पडून गेला होता. एकदा एक नवा मेंबर हात धुऊन बसला, पहिला घास घेतला आणि तक्रारीसाठी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या बापटनं त्याचा हात घट्ट धरला.

"थांबा जरा," तो अतिशय हळू म्हणाला. "आधी घरच्यांना म्हणू द्या."